कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३

कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ हा भारतातील एक केंद्रीय कायदा होता. कामातून उद्भवलेल्या व कामाच्या ओघात घडलेल्या अपघातामुळे कर्मचाऱ्यास इजा झाल्यास त्याला, आणि त्याचा मृत्यू झाल्यास त्याच्या अवलंबितांना, भरपाई देण्याचे दायित्व हा कायदा मालकावर टाकत असे. तो ५ मार्च १९२३ रोजी संमत झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याचे मूळ नाव 'कामगार नुकसानभरपाई अधिनियम' असे होते. २००९ च्या दुरुस्तीने 'कामगार' या शब्दाच्या जागी 'कर्मचारी' हा शब्द आला आणि १८ जानेवारी २०१० पासून सध्याचे नाव प्रचारात आले. भारतातील सामाजिक सुरक्षेच्या आरंभीच्या कायद्यांत त्याची गणना होते.

अपघात कोणाच्या चुकीने झाला, हा प्रश्न या कायद्याने भरपाईच्या दृष्टीने बहुतांशी गौण ठरवला. त्यापूर्वी जखमी कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. या कायद्यानुसार अपघाताचा कामाशी संबंध होता, एवढे सिद्ध करणे सामान्यतः पुरेसे ठरते. यंत्रावर काम करताना होणारी इजा हा उद्योगाच्या खर्चाचाच एक भाग असून तो एकट्या कामगाराने सोसू नये, हे त्यामागील तत्त्व आहे.

पार्श्वभूमी

पूर्वीची कायदेशीर स्थिती

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील न्यायालयांनी मालकाच्या बचावाची तीन तत्त्वे विकसित केली होती. सहकाऱ्याच्या चुकीमुळे इजा झाल्यास मालक जबाबदार नाही, हे पहिले तत्त्व. ते 'सामायिक नोकरीचे तत्त्व' म्हणून ओळखले जाते व त्याचा उगम १८३७ मधील एका खटल्यात आहे. कामातील धोका ठाऊक असूनही कामगाराने ते काम पत्करले, म्हणजे त्याने धोक्यास संमती दिली, हे दुसरे तत्त्व. कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा अपघातात वाटा असल्यास त्याचा दावा टिकत नाही, हे तिसरे. या तीन तत्त्वांमुळे कारखान्यातील अपघाताबद्दल न्यायालयातून भरपाई मिळणे अत्यंत दुर्मिळ होते.

भारतात १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने मृताच्या कुटुंबीयांना दिवाणी दावा करण्याचा अधिकार दिला होता. मात्र त्यासाठीही दुसऱ्याची चूक सिद्ध करणे आवश्यक होते, आणि गिरणीत वा खाणीत काम करणाऱ्याच्या कुटुंबाला दिवाणी दाव्याचा खर्च झेपण्यासारखा नव्हता.

जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा करून वेगळा मार्ग स्वीकारला. ब्रिटनने १८९७ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा केला. भारतातील १९२३ चा कायदा मुख्यतः ब्रिटिश नमुन्यावर आधारलेला आहे. त्यात विम्याचा सामाईक निधी नसून प्रत्येक मालक आपापल्या कर्मचाऱ्यांबाबत स्वतंत्रपणे जबाबदार असतो.

मुंबईच्या गिरणी कामगारांची मागणी

अपघाताच्या भरपाईची मागणी मुंबईत या कायद्याच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी झाली होती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व 'दीनबंधू' या पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. या सभांतून तयार झालेल्या निवेदनावर पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेवर मर्यादा आणि वेळेवर पगार या मागण्यांबरोबरच त्यात इजेसंबंधीची मागणीही होती. गिरणीत काम करताना गंभीर दुखापत झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज व्हावी, असे तिचे स्वरूप होते.

१८९१ च्या सुधारित कारखाने कायद्याने साप्ताहिक सुटी व मधली विश्रांती या बाबी मान्य केल्या, पण इजेच्या भरपाईचा प्रश्न पुढे तीन दशके अनिर्णित राहिला.

अधिनियमाची निर्मिती

पहिल्या महायुद्धानंतर परिस्थिती बदलली. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली व भारत तिचा संस्थापक सदस्य होता. १९२० मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेले नारायण मल्हार जोशी हे केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नामनियुक्त झाले होते. अशा वातावरणात १९२२ मध्ये विधेयक मांडले गेले व पुढील वर्षी ते संमत झाले.

मूळ तरतुदी तुटपुंज्या होत्या. प्रौढ कामगाराच्या मृत्यूबद्दल ३० महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळत असे. कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल ४२ महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये, यांपैकी कमी असलेली रक्कम देय होती. दहा दिवसांपर्यंतच्या अपंगत्वाबद्दल काहीही मिळत नसे. पुढील दुरुस्त्यांनी हा प्रतीक्षाकाल सात व नंतर तीन दिवसांवर आणला. आजच्या तरतुदीत सूत्राने येणारी रक्कम व ठरावीक किमान रक्कम यांपैकी 'जी जास्त असेल ती' द्यावी लागते. सामायिक नोकरीचे तत्त्व १९३८ च्या मालक दायित्व अधिनियमाने रद्द केले.

व्याप्ती

अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत ज्यांना हा कायदा लागू होतो अशा कामांची यादी आहे. कारखाने, खाणी, बांधकाम, गोदी, वाहनचालन, वीजवाहिन्यांची उभारणी व देखभाल, मळे, स्फोटकांची हाताळणी, तसेच यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणारी शेती अशा अनेक कामांचा तिच्यात समावेश आहे. रेल्वे कर्मचारी, जहाजांवरील खलाशी आणि विमानांवरील कर्मचारी यांच्यासाठीही तरतुदी आहेत.

पूर्वी नैमित्तिक स्वरूपाच्या कामावर असलेल्या व्यक्ती या कायद्यातून वगळल्या जात. २००० च्या दुरुस्तीने हा अपवाद काढून टाकला. त्यामुळे एक-दोन दिवसांच्या रोजंदारीवर आलेला बिगारी, मालकाच्या धंद्याशी संबंधित अनुसूचित काम करताना जखमी झाल्यास, दावा करू शकतो. १९८४ च्या दुरुस्तीने वेतनमर्यादेची अटही गेली. कितीही वेतन असलेला कर्मचारी आज व्याप्तीत येतो. वेतनाची मर्यादा केवळ भरपाईचे गणित करताना लागू होते.

काम कंत्राटदारामार्फत करून घेतले जात असेल, तर कलम १२ नुसार ज्याच्या धंद्यासाठी ते काम चालले आहे त्या मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. मूळ मालक ती रक्कम नंतर कंत्राटदाराकडून वसूल करू शकतो. कंत्राटदार बेपत्ता झाला वा दिवाळखोर निघाला, तरी जखमी मजुराचे नुकसान होऊ नये, हा या तरतुदीचा हेतू आहे.

मालकाचे दायित्व

कलम ३ नुसार दायित्व निर्माण होण्यासाठी वैयक्तिक इजा झालेली असणे, ती अपघाताने झालेली असणे, आणि तो अपघात कामातून उद्भवलेला व कामाच्या ओघात घडलेला असणे या बाबी आवश्यक आहेत. मालकाचा निष्काळजीपणा दाखवण्याची गरज नसते. कर्मचारी स्वतः थोडा बेसावध होता, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही.

पुढील परिस्थितीत मालक जबाबदार नसतो :

१. इजेमुळे आलेले पूर्ण वा अंशतः अपंगत्व तीन दिवसांपेक्षा अधिक टिकले नाही.
२. अपघात घडला तेव्हा कर्मचारी मद्याच्या वा अमली पदार्थाच्या अमलाखाली होता आणि अपघात थेट त्यामुळे झाला.
३. सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश वा केलेला नियम कर्मचाऱ्याने जाणूनबुजून मोडला आणि अपघात थेट त्यामुळे झाला.
४. सुरक्षिततेसाठी बसवलेले साधन कर्मचाऱ्याने जाणूनबुजून काढले वा दुर्लक्षिले आणि अपघात थेट त्यामुळे झाला.

यांपैकी शेवटचे तीन अपवाद मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास लागू होत नाहीत. मद्याच्या अमलाखाली असलेला कामगार परातीवरून पडून मरण पावला, तरी त्याच्या कुटुंबाचा हक्क या कारणाने जात नाही. कायद्याने येथे कर्मचाऱ्याच्या दोषापेक्षा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या निर्वाहाला अधिक महत्त्व दिले आहे.

अपवादांतील 'जाणूनबुजून' या शब्दालाही महत्त्व आहे. नियम माहीत असणे आणि तो हेतुपुरस्सर मोडणे या दोन्ही गोष्टी मालकाला दाखवाव्या लागतात. उत्पादन वाढवण्यासाठी यंत्रावरील संरक्षक जाळी काढून ठेवण्याची पद्धत पर्यवेक्षकाच्या डोळ्यांदेखत रूढ झालेली असेल, तर हा बचाव टिकणे अवघड असते.

'कामातून' आणि 'कामाच्या ओघात'

अधिनियमाखालील बहुसंख्य महत्त्वाचे वाद या दोन शब्दप्रयोगांभोवती फिरतात. 'कामाच्या ओघात' हा निकष काळ व स्थळ यांच्याशी निगडित आहे, तर 'कामातून' हा निकष कार्यकारणभावाशी. दोन्ही एकाच वेळी पूर्ण व्हावे लागतात.

कामाची वेळ कारखान्याच्या दारात सुरू होते व तेथेच संपते, असा सर्वसाधारण समज असला, तरी न्यायालयांनी त्यात काही प्रमाणात मोकळीक ठेवली आहे. कामाच्या जागेलगतचा व आगेमागेचा काही वाजवी काळ कामाचाच भाग मानला जातो. याला 'काल्पनिक विस्ताराचा सिद्धांत' म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये सौराष्ट्रातील मीठ कामगारांच्या प्रकरणात हा सिद्धांत मान्य केला, मात्र तेथे दावा नाकारला. काम संपवून घरी परतताना खाडी ओलांडणारी होडी उलटून हे कामगार बुडाले होते. ती होडी सार्वजनिक वाहतुकीची असल्याने तेथपर्यंत कामाचा विस्तार होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

मुंबईतील बेस्ट उपक्रमाच्या प्रकरणात १९६३ मध्ये वेगळा निष्कर्ष निघाला. जोगेश्वरी आगारात काम संपवून एक बसचालक बेस्टच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी चालला होता. त्या बसला अपघात होऊन तो मरण पावला. चालकांना बसने विनामूल्य प्रवासाची मुभा त्यांच्या सोयीपुरती नसून सेवा वक्तशीर चालावी यासाठी होती, म्हणून हा प्रवास कामाच्या ओघात मोडतो, असा निर्णय बहुमताने देण्यात आला.

कार्यकारणभावाच्या निकषाचे उदाहरण म्हणून १९६९ च्या एका निकालाचा उल्लेख केला जातो. जहाजावरील एक खलाशी प्रवासात बेपत्ता झाला होता. तो कामावर असताना नाहीसा झाला, एवढ्यावरून मृत्यू कामातून उद्भवला असे मानता येणार नाही. त्यासाठी काही परिस्थितिजन्य पुरावा तरी हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. याउलट २०१२ मध्ये लांब पल्ल्याचा ट्रक चालवणाऱ्या चालकाचा वाटेत हृदयविकाराने झालेला मृत्यू कामाच्या ताणाशी संबंधित मानून त्याच्या वारसास भरपाई देण्यात आली.

घरून कामावर जातानाचा अपघात हा दीर्घकाळ वादाचा विषय होता. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला असता कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. आयुक्तांनी त्याच्या कुटुंबास भरपाई मंजूर केली, तर मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. घर व कामाचे ठिकाण यांदरम्यानचा प्रवास हा परिस्थिती, वेळ व स्थळ यांच्या दृष्टीने कामाशी जोडलेला असल्याचे सिद्ध झाल्यास तो कामाच्या ओघातच धरावा, असे या निकालाने स्पष्ट केले. कुटुंबाला या निर्णयासाठी बावीस वर्षे थांबावे लागले.

व्यवसायजन्य रोग

तिसऱ्या अनुसूचीत नमूद केलेले रोग विशिष्ट कामात जडल्यास त्यांना अपघाताने झालेली इजा मानले जाते. ही अनुसूची तीन भागांत आहे. पहिल्या भागात संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामांतील रोग आहेत. दुसऱ्या भागात शिसे, पारा, फॉस्फरस इत्यादींची विषबाधा, गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा अशा विकारांचा समावेश असून त्यासाठी त्या कामात सलग किमान सहा महिने नोकरी झालेली असावी लागते. तिसऱ्या भागात दगडाच्या धुळीमुळे होणारा सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, कापसाच्या धुळीमुळे होणारा बिसिनोसिस व उसाच्या चिपाडामुळे होणारा बगॅसोसिस हे फुप्फुसांचे विकार आहेत.

हे विकार अनेक वर्षांच्या संपर्कानंतर प्रकट होतात. तोवर कामगाराने अनेक ठिकाणी काम केलेले असते. म्हणून तिसऱ्या भागातील रोगांबाबत संबंधित सर्व मालकांवर प्रमाणशीर दायित्व टाकण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात दगडखाणीत काम करणाऱ्याकडे जुन्या नोकऱ्यांचा लेखी पुरावा क्वचितच असतो, शिवाय सिलिकोसिसचे निदान अनेकदा क्षयरोग म्हणून होते.

भरपाईची रक्कम

भरपाई मासिक वेतन, वय व इजेचे स्वरूप यांवरून ठरते. चौथ्या अनुसूचीत वयानुसार गुणक दिलेले आहेत. वय १६ वर्षांपर्यंत असल्यास गुणक २२८.५४, ३० व्या वर्षी २०७.९८, ५० व्या वर्षी १५३.०९ आणि ६५ वा अधिक वयास ९९.३७ असा तो उतरत जातो.

मृत्यू : मासिक वेतनाचे ५० टक्के गुणिले गुणक, किंवा १,२०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती. याशिवाय अंत्यविधीसाठी किमान ५,००० रुपये.

कायमचे पूर्ण अपंगत्व : मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले गुणक, किंवा १,४०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती.

कायमचे अंशतः अपंगत्व : पूर्ण अपंगत्वाच्या रकमेचा, कमाईच्या क्षमतेत झालेल्या घटीइतका टक्का.

तात्पुरते अपंगत्व : दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत.

मासिक वेतन कितीही असले, तरी गणितासाठी ते एका मर्यादेपर्यंतच धरले जाते. ही मर्यादा २०१० मध्ये ४,००० वरून ८,००० रुपये व ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये झाली. २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचारांचा प्रत्यक्ष झालेला खर्चही मालकाने स्वतंत्रपणे द्यावयाचा असतो.

उदाहरणार्थ, दरमहा १२,००० रुपये वेतन असलेला ३० वर्षांचा कामगार मरण पावल्यास भरपाई ६,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १२,४७,८८० रुपये येते. तोच कायमचा पूर्ण अपंग झाल्यास ती १४,९७,४५६ रुपये होते. प्रेस यंत्रात त्याचा अंगठा गेल्यास पहिल्या अनुसूचीप्रमाणे कमाईच्या क्षमतेतील घट ३० टक्के धरली जाते व भरपाई सुमारे ४,४९,२३७ रुपये होते.

पहिल्या अनुसूचीत अशा इजांचे टक्के ठरवून दिलेले आहेत. एका हाताचा पंजा गमावल्यास ६०, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५०, एक डोळा गेल्यास (दुसरा चांगला असताना) ४० आणि तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के घट मानली जाते. दोन्ही हात गेल्यास किंवा पूर्ण बहिरेपणा आल्यास ती १०० टक्के असते.

हे टक्के अंतिम नसतात. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या प्रकरणात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम करता येत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्णपणे नष्ट झाली असे न्यायालयाने मान्य केले. इजा शरीराला किती झाली यापेक्षा ती व्यक्ती आपले काम करू शकते का, हा प्रश्न निर्णायक असल्याचे या निकालाने अधोरेखित केले.

दावा व कार्यपद्धती

दाव्यांचा निर्णय राज्य शासनाने नेमलेले आयुक्त करतात. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयांचे न्यायाधीश हे काम पाहतात. अपघाताची सूचना शक्य तितक्या लवकर मालकास द्यावी लागते व दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. मालकास अपघाताची माहिती अन्य मार्गाने मिळाली असेल, तर सूचनेतील त्रुटीमुळे दावा बाद होत नाही. उशिरास पुरेसे कारण असल्यास आयुक्त तो माफ करू शकतात. दावेदाराची बाजू वकिलाप्रमाणेच नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही मांडू शकतो.

मृत्यूच्या प्रकरणी भरपाईची रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते. मालकाने ती परस्पर कुटुंबाला दिल्यास, काही मर्यादेपर्यंतची आगाऊ रक्कम सोडून, ती भरपाई दिली असे कायद्याने मानले जात नाही. दुःखात असलेल्या कुटुंबाकडून थोडक्या रकमेवर सही घेऊन प्रकरण मिटवले जाऊ नये, यासाठी ही तरतूद आहे. जमा रकमेची विधवा, अज्ञान मुले, अविवाहित मुलगी, विधवा आई व इतर अवलंबित यांच्यात वाटणी आयुक्त करतात. भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार कलम १७ नुसार निरर्थक असतो, आणि भरपाईच्या रकमेवर जप्ती आणता येत नाही.

रक्कम देय झाल्यापासून एका महिन्यात दिली न गेल्यास द.सा.द.शे. १२ व्याज द्यावे लागते. उशिराला समर्थनीय कारण नसल्यास रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही आकारता येतो. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, निकालाच्या दिवसापासून नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये सांगितले व नंतरच्या परस्परविरोधी निर्णयांनंतर २०१२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. थकलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. आयुक्तांच्या निर्णयाविरुद्ध कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्यास उच्च न्यायालयात अपील करता येते. मात्र मालकाला त्यापूर्वी संपूर्ण रक्कम जमा करावी लागते.

मालकांची कर्तव्ये व विमा

मृत्यू वा गंभीर इजेची सूचना सरकारला द्यावी लागत असेल अशा आस्थापनेतील मालकाने घटनेपासून सात दिवसांत आयुक्तांना अहवाल पाठवावयाचा असतो. २०१७ च्या दुरुस्तीने आणखी एक कर्तव्य जोडले. कर्मचारी कामावर रुजू होतानाच त्याला भरपाईच्या हक्काची माहिती त्याला समजेल अशा भाषेत, लेखी व इलेक्ट्रॉनिक माध्यमातून, देणे मालकास बंधनकारक झाले. ते न केल्यास ५०,००० ते १,००,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मालकाने विमा घेतलाच पाहिजे, अशी सक्ती या अधिनियमात नाही. अनेक मालक स्वेच्छेने तो घेतात. मोटार वाहन कायद्यानुसार विमा अनिवार्य असल्यामुळे वाहनचालकांच्या दाव्यांत वसुली तुलनेने सुकर होते. विमा कंपनी भरपाई व व्याज देते. उशिराबद्दलचा दंड मात्र मालकाने स्वतः भरावयाचा असतो.

कर्मचारी राज्य विमा योजनेशी संबंध

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये सादर केला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा अधिनियम आकाराला आला. त्यात भरपाईचा भार एका मालकाऐवजी वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीवर असतो. एकरकमी भरपाईऐवजी जखमी कर्मचाऱ्याला किंवा त्याच्या अवलंबितांना नियमित लाभ मिळतो.

ज्या कर्मचाऱ्यास ही योजना लागू आहे, त्याला १९२३ च्या अधिनियमाखाली त्याच इजेबद्दल भरपाई मागता येत नाही. योजनेची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये आहे. त्यामुळे १९२३ च्या अधिनियमाचे क्षेत्र मुख्यतः बांधकाम, वाहतूक, हंगामी कारखाने, शेतीतील यांत्रिक कामे आणि योजनेच्या कक्षेबाहेरील कर्मचारी असे राहिले आहे.

सुरक्षिततेशी संबंध

भरपाईचा कायदा अपघात घडल्यानंतर लागू होतो. अपघात टाळण्याची जबाबदारी कारखाने अधिनियम, १९४८ सारख्या कायद्यांवर होती. फिरत्या यंत्रांना कुंपण, एक हजार वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी यांसारख्या तरतुदी त्यात होत्या. डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये धोकादायक प्रक्रियांसंबंधी स्वतंत्र प्रकरण त्यात समाविष्ट झाले. महाराष्ट्रात या तरतुदींची अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते. मुंबईतील शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली व तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

भरपाईचा खर्च मालकावर पडल्यास तो अपघात टाळण्यात अधिक रस घेईल, असे या कायद्यामागील एक गृहीतक आहे. संरक्षक साधन बसवण्याचा खर्च भरपाईपेक्षा कमी असेल, तर ते बसवणे मालकाच्याही हिताचे ठरते. पण हा परिणाम भरपाई खरोखर मागितली जाते व मिळते, यावर अवलंबून आहे.

मर्यादा व टीका

अधिनियमावरील मुख्य आक्षेप वेतनमर्यादेसंबंधी आहे. दरमहा २५,००० रुपये मिळवणाऱ्या ३० वर्षांच्या कर्मचाऱ्याच्या मृत्यूबद्दल १५,००० रुपयांच्या मर्यादेमुळे १५,५९,८५० रुपये मिळतात. मर्यादा नसती तर ही रक्कम २५,९९,७५० रुपये झाली असती. २००९ च्या दुरुस्तीने ठरवलेल्या किमान रकमाही पुढे वाढल्या नाहीत.

दुसरा आक्षेप पुराव्यासंबंधी आहे. असंघटित क्षेत्रात हजेरीपत्रक, वेतनचिठ्ठी वा नियुक्तिपत्र नसते. नाक्यावरून आलेला मजूर आपण कोणाकडे काम करत होतो, हेच सिद्ध करू शकत नाही. मालक-नोकर संबंध नाकारणे हा दाव्यांतील नेहमीचा बचाव असतो. तिसरा आक्षेप विलंबाचा आहे. दावे तीन महिन्यांत निकाली काढावेत अशी अपेक्षा अधिनियमात नमूद असली, तरी प्रत्यक्षात त्यांना अनेकदा वर्षानुवर्षे लागतात. एकरकमी रक्कम कर्जफेडीत वा अन्य खर्चात संपते व आजन्म अपंगत्व मागे राहते, हाही मुद्दा मांडला जातो.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये नऊ केंद्रीय कायदे एकत्र करण्यात आले असून १९२३ चा अधिनियम त्यांपैकी एक आहे. त्यातील तरतुदी संहितेच्या सातव्या प्रकरणात आल्या आहेत. घर व कामाचे ठिकाण यांदरम्यानच्या प्रवासातील अपघात, कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, भरपाईस पात्र असल्याचे संहितेत स्पष्टपणे नमूद आहे. आयुक्तांच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' अशी संज्ञा वापरली आहे. केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अमलात आणल्याचे जाहीर केले.

अपघाताच्या दिवशी जो कायदा लागू असेल त्यानुसार भरपाई ठरते, हे तत्त्व न्यायालयांनी मान्य केलेले आहे. त्यामुळे संहितेपूर्वीच्या अपघातांबाबत १९२३ च्या अधिनियमाचे महत्त्व कायम राहते. त्याखालील निकालांतून घडलेले 'कामातून' व 'कामाच्या ओघात' या संज्ञांचे अर्थही संहितेचा अर्थ लावताना उपयोगी पडतात.

हेसुद्धा पहा

कारखाने अधिनियम, १९४८
कर्मचारी राज्य विमा योजना
नारायण मेघाजी लोखंडे
नारायण मल्हार जोशी
भोपाळ वायुदुर्घटना
सिलिकोसिस
आंतरराष्ट्रीय श्रम संघटना